पिवळीची मिजास

अमेरिकेत लेकीकडे नाहीतर मुलाकडे सहा महिने राहून आलेल्या कुणालाही विचारा, तिकडे रस्त्यावर सगळ्यात जास्त मान कुणाला? उत्तर येईल, शाळेच्या पिवळ्या बसला. ही बाई भर रस्त्यात थांबते, लाल दिवे लावते, कुशीतून ‘स्टॉप’ची पाटी बाहेर काढते, आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात. एरवी सिग्नल हिरवा व्हायच्या आत पुढे सरकणारी माणसं तिच्यासमोर हॉर्न वाजवायचं धाडस करत नाहीत. साडेतीन फुटांचं एक पोर पाठीवर स्वतःएवढं दप्तर घेऊन रस्ता ओलांडतं, मध्येच बुटाची लेस बघायला थांबतं, आणि सगळे वाट बघतात.

मध्य न्यू जर्सीतल्या आमच्या वस्तीत मराठी घरं बरीच आहेत. त्या घरांतून तिचं नाव ‘पिवळी’. ‘पिवळी आली का?’, ‘आज पिवळी चुकली’, ‘दूध संपव, पिवळी वळणावर आली असेल’. आणि पिवळी चालवायच्या त्या बसआजी. स्वतःच्या नातवंडांच्या तर त्या आजी होत्याच, पण आमच्या थांब्यावरच्या प्रत्येक पोराला त्या आपल्याच वाटायच्या. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. त्यांच्याविषयी लिहायला घेतलं की पिवळीच पुढे येऊन उभी राहते, कारण या दोघींचे स्वभाव मला कधी वेगळे करताच आले नाहीत. तेव्हा आधी पिवळीची ओळख करून देते. बसआजी तिच्या खिडकीतून दिसतीलच.

पिवळी पहाटेची. धाकट्यांची शाळा नऊला भरत असली तरी तिचा दिवस अंधारात सुरू होतो, कारण आधी हायस्कूलची मुलं, मग मधल्या शाळेतली आणि शेवटी चिमुरडी, अशा तिच्या एकामागून एक फेऱ्या असतात. डेपोत बॉनेट उघडून तेल बघायचं, पट्टे बघायचे, मग टॉर्च घेऊन तिच्याभोवती प्रदक्षिणा घालायची. टायर, दिवे, आरसे, पाटी. मागचं संकटकाळचं दार उघडलं की बझर वाजतो ना? प्रत्येक गोष्टीपुढे कागदावर खूण झाल्याशिवाय ती फाटकाबाहेर पाऊल टाकत नाही. बसआजींची ही प्रदक्षिणा जानेवारीच्या बर्फातही कधी आखूड झाली नाही. बाकीचे ड्रायव्हर कॉफीचा पेला हातात घेऊन बघायचे ते टायर त्या वाकून, हातमोजा काढून बघायच्या.

रंगाच्या बाबतीत पिवळी भलतीच मानी आहे, आणि त्याला कारण आहे. तिला रूप मिळालं ते १९३९ च्या एप्रिलमध्ये. त्याआधी तिचा काही थांगपत्ता नव्हता. कुठे मुलं घोडागाडीतून शाळेला जायची, कुठे गहू वाहायच्या वॅगनमधून. एका जिल्ह्याने तर पोरांच्या अंगी देशप्रेम बाणावं म्हणून बस लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगात रंगवली होती. नेब्रास्काच्या ग्रामीण भागात वाढलेले फ्रँक सायर तेव्हा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये शिकवत होते. रॉकफेलर फाउंडेशनच्या ५,००० डॉलरच्या मदतीतून त्यांनी तेव्हाच्या सगळ्या म्हणजे ४८ राज्यांचे प्रतिनिधी आणि बस बांधणाऱ्या कारखान्यांचे इंजिनीअर एकत्र बोलावले. सात दिवस चर्चा चालली. लांबी किती, उंची किती, मधली वाट किती रुंद, असे ४४ नियम ठरले.

रंग ठरवायला भिंतीवर पट्ट्या टांगल्या होत्या, फिक्या लिंबू रंगापासून गडद लालसर नारिंगीपर्यंत. पसंती पडली ती मधल्या एका पिवळ्याला, कारण पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अंधूक उजेडात त्याच्यावरची काळी अक्षरं लांबून वाचता येतात. म्हणजे मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात इथे रूपाबरोबर कामाचाही विचार झाला होता! बरीचशी राज्यं लगेच तयार झाली. मिनेसोटा तेवढं १९७४ पर्यंत अडून बसलं. सायर १९९५ मध्ये वारले तेव्हा ‘पिवळ्या बसचे जनक’ अशीच त्यांची ओळख होती.

आपल्याकडेही शाळेची बस आता पिवळीच असते. पण आपल्या पिढीने शाळेची वाट तुडवली ती पायी, नाहीतर रिक्षावाल्या काकांच्या मांडीला मांडी लावून, दप्तरं बाहेर लोंबकळवत. त्यामुळे आमच्या थांब्यावर नव्याने आलेले आजी-आजोबा पहिले काही दिवस पिवळीकडे नुसते बघत राहतात. एका आजींनी तर तिच्या बाजूवरून हात फिरवून रंग पक्का आहे का ते पाहिलं होतं.

पिवळीची नजर फार तीक्ष्ण. तिला आरसे किती असतात ते मोजायला गेलं तर दमायला होतं. बाजूला दोन-दोन, नाकाशी फुगीर गोल दोन, आणि आत ड्रायव्हरच्या डोक्यावर एक लांबलचक, ज्यात सगळे बाक दिसतात. इतके डोळे असूनही तिला आपल्या पायाशी काय आहे ते धड दिसत नाही, आणि हे तिचं तिला माहीत आहे. चारी बाजूंची दहा फूट जागा ती धोक्याची मानते. बसमध्ये बसलेल्या मुलापेक्षा बसमधून नुकत्याच उतरलेल्या मुलाला भीती जास्त. म्हणूनच थांबली रे थांबली की तिच्या पुढच्या बंपरवरून एक लांब पिवळी काठी समोर फिरते आणि आडवी उभी राहते, की पोराने नाकाजवळून पळू नये, काठीला वळसा घालून, ड्रायव्हरला दिसेल असं लांबून जावं.

आणि तरीही बसआजींचा सगळा भरवसा त्या काठीवर नव्हता. मूल फुटपाथच्या कडेला आलं की त्या तळहात उभा धरायच्या. ‘थांब’. डावीकडे बघायच्या, उजवीकडे बघायच्या, लांबवर येणाऱ्या गाडीचा वेग खरंच कमी होतोय का ते बघायच्या. मग बोटाने खूण. ‘ये आता’. ओठ हलताना दिसायचे, कारण त्या मोजत असायच्या. चार निघाले, चार पलीकडे पोहोचले. एकदा तीन पोहोचले. बसआजींनी गाडी बंद केली, किल्ली काढून घेतली आणि ड्रायव्हरच्या सीटवरूनच मोठ्याने त्याचं नाव पुकारलं. चौथा मागच्या चाकाजवळ वाकून गाडीखाली गेलेली टोपी शोधत होता. पिवळी त्या दिवशी अर्धा तास उशिरा डेपोला गेली. त्या पोराच्या आईला फोन करून, ती घरी येईपर्यंत थांबून, सगळं शांतपणे सांगून मगच बसआजी निघाल्या. टोपी त्यांनी त्याला दिली नाही. ती दुसऱ्या दिवशी मिळाली.

पिवळीचे कानही नजरेइतकेच जागे. रेल्वेचं फाटक आलं, की गाडीचा मागमूस नसला तरी ती थांबते. सगळे दिवे लुकलुकतात. दार उघडतं, ड्रायव्हरच्या बाजूची खिडकी उघडते, रेडिओ बंद. बसआजी नुसता हात वर करायच्या आणि मागची साठेक पोरं एकदम गप्प व्हायची. पाऊस असो, वारा असो, उघड्या दारातून थंडी आत येवो, ती कान देऊन ऐकते आणि मगच रूळ ओलांडते.

ही सवय तिला फार मोठी किंमत मोजून लागलेली आहे. १ डिसेंबर १९३८ ला सकाळी युटामध्ये, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला, हिमवादळात एक शाळेची बस फाटकाशी थांबली. समोर पांढरा पडदा, काही दिसेना. ती पुढे निघाली आणि मालगाडीने तिला उडवलं. ड्रायव्हर आणि वीसहून अधिक मुलं गेली. त्यानंतर कायदे झाले, की नुसतं थांबून भागणार नाही, दार उघडून ऐकावं लागेल. आज अमेरिकेतली मुलं रोज रुळाशी जे काही क्षण गप्प बसतात, ते का, हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नसतं. बसआजी मात्र दर सप्टेंबरला, शाळा सुरू झाली की, मोठ्या मुलांना ही गोष्ट सांगायच्या. धाकट्यांना नाही. त्यांना फक्त एवढंच, की ‘आपण गाडीचं ऐकतो, म्हणजे गाडी आपलं ऐकते.’

पट्ट्याच्या बाबतीत पिवळी हट्टी आहे. आपल्या लहानशा गाडीत आपण पट्ट्याशिवाय पोराला हलू देत नाही, आणि इथे अनेक राज्यांत मोठ्या बसला पट्टेच नसतात! नवा पालक पहिल्या दिवशी हबकतो. पण १९७७ पासूनच्या नियमांनी तिचे बाक उंच पाठीचे, जाड गादीचे आणि एकमेकांच्या जवळ बसवले, की धक्का बसला तर मूल लांब फेकलं जाऊ नये, समोरच्या मऊ पाठीनेच त्याला झेलावं. अंडी खोक्यात खाचेखाचेत बसतात तशी मुलं बसतात. ती वजनदार असते, उंच असते, त्यामुळे छोट्या गाडीची धडक मुलांच्या पायांखालून जाते. आमच्या न्यू जर्सीने मात्र तिचा हट्ट मानला नाही. इथे पट्टे आहेत, आणि ते लावलेत का हे बघायला बसआजी निघण्यापूर्वी त्या लांब आरशात इतका वेळ बघायच्या की शेवटच्या बाकावरचा आडदांडही खट् करून बक्कल लावायचा.

बसायच्या जागांवरून पिवळीत कडक दरबार असतो. बालवाडीची मुलं पुढे. मग यत्तेप्रमाणे मागे. शेवटचा बाक म्हणजे मानाचा, तिथे पोचायला वर्षं जातात. आणि ड्रायव्हरच्या अगदी मागचा बाक हा सुधारणेसाठी. काल कुणाच्या डब्यातला पिझ्झा कुणाच्या केसांत गेला असेल तर आज तो तिथे. बसआजी त्याला रागवायच्या नाहीत. घरी कुत्रं काय म्हणतं, बाबांची नवी नोकरी कशी आहे, आजी भारतात परत गेली का, असं सगळं विचारत राहायच्या. आठवडाभराने तो मागे जायला मोकळा व्हायचा, तेव्हा काही पोरं तिथेच राहू का म्हणून विचारायची.

पिवळी संशयीही आहे. बालवाडीच्या मुलाला घ्यायला यादीतलं माणूस आलेलं नसेल तर ती मुलाला सोडत नाही. परत शाळेत घेऊन जाते. आमच्या गल्लीत एक आजोबा आले होते, सोलापूरकडचे निवृत्त मुख्याध्यापक. धोतर नाही, पण बाकी सगळा दरारा शाबूत. मुलगा-सून कामावर, म्हणून पहिल्याच दिवशी नातवाला घ्यायला ते वेळेच्या आधी जाऊन उभे. पिवळी आली, दार उघडलं, नातू “आजोबा!” म्हणून ओरडला. बसआजींनी यादी पाहिली. नाव नव्हतं. त्यांनी मान हलवली.

“अहो, मी त्याचा सख्खा आजोबा आहे,” आजोबा इंग्रजीत म्हणाले, जे इंग्रजी त्यांनी आयुष्यभर पोरांना शिकवलं होतं.

“मला दिसतंय, सर. तुमचे कान आणि त्याचे कान एकच आहेत. पण कागदावर तुम्ही नाही.”

दार मिटलं. नातू काचेला नाक लावून रडत शाळेत परत गेला. आजोबांनी संध्याकाळी घर डोक्यावर घेतलं. सुनेने रात्रीच अर्ज भरला. दुसऱ्या दिवशी बसआजींनी दार उघडल्या उघडल्या यादी उंच धरून त्यांना दाखवली, त्यांच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “गुड आफ्टरनून, ग्रँडपा.” आजोबा काही क्षण तसेच उभे राहिले. मग मला म्हणाले, “चाळीस वर्षं शाळा चालवली, पण माझा एकही शिपाई इतका बिनचूक नव्हता.” त्यांच्या तोंडून याहून मोठी पदवी कुणाला मिळाली नसेल.

त्याच थांब्यावर साडीवर स्वेटर आणि पायात स्पोर्ट्स शूज घालून उभ्या राहणाऱ्या आमच्या आज्या आणि बसआजी यांच्यात भाषा अशी नव्हतीच. तरी गुडघेदुखीवर दोन्ही बाजूंनी रीतसर चर्चा व्हायची, हातवाऱ्यांनी, दार उघडं आहे तेवढ्या वेळात. दिवाळीत एका आजींनी स्टीलच्या डब्यात शंकरपाळे आणि चकल्या घालून डबा खिडकीतून आत दिला. दोन दिवसांनी डबा परत आला, घासून पुसून, आत ओट्सची बिस्किटं. रिकामा डबा परत करायचा नाही हे तिकडच्या आईनेही आपल्या मुलीला शिकवलं असणार. आजींनी झाकण उघडून आत बघितलं आणि निर्वाळा दिला, “चांगल्या घरची आहे हो.”

पिवळीची आठवण दांडगी. शेवटचं मूल उतरलं तरी तिचं काम संपत नाही. इंजिन बंद केलं की हल्ली अनेक बसमध्ये एक भोंगा सुरू होतो, आणि तो बंद करायचं बटण मुद्दाम अगदी मागे असतं. ड्रायव्हरने बाकाबाकावर नजर टाकत शेवटपर्यंत चालत जायचं, की दमून झोपलेलं एखादं पोर मागे राहू नये. बसआजी भोंग्याच्या आधीच्या काळातल्या. तेव्हाही त्या जायच्याच, आणि वाकून बाकाखालीही बघायच्या. झोपलेली मुलं क्वचित सापडली. सापडायचे ते हातमोजे, नेहमी एकच. अर्धी सफरचंदं. चष्मे. एकदा आख्खं व्हायोलिन. हे सगळं एका खोक्यात ठेवून त्या दुसऱ्या दिवशी मालकांना एकेक करून परत द्यायच्या, आणि घरी हातमोज्यांची दुसरी जोडी आहे का हे विचारायच्या. ज्या घरांत ती नसायची त्या घरांतल्या पोराला आठवडाभरात लोकरीचे हातमोजे मिळायचे. ते कुठून आले हे त्या सांगायच्या नाहीत, पण डेपोतल्या दुपारच्या सुट्टीत त्यांच्या हातात सुया कायम असायच्या.

एवढं सगळं प्रेम सांगितल्यावर पिवळीच्या आयुष्यातला काळा भागही सांगायला हवा. खूप वर्षं ती सगळ्यांची नव्हतीच. साउथ कॅरोलायनाच्या क्लॅरेंडन काउंटीत १९४० च्या दशकात गोऱ्या मुलांसाठी तीसहून अधिक बस होत्या आणि काळ्या मुलांसाठी एकही नाही. ती मुलं मैलोन्मैल चालत जायची आणि शेजारून जाणाऱ्या बसची धूळ अंगावर घ्यायची. पालकांनी पैसे गोळा करून एक जुनी बस घेतली, ती सारखी बंद पडायची. शाळा मंडळाकडे मागणी केली, नकार मिळाला. मग लेवी पिअर्सन नावाच्या शेतकऱ्याने, रेव्हरंड जोसेफ डिलेन यांच्या पाठिंब्याने, फक्त एका बससाठी दावा लावला. १९४८ मध्ये तो तांत्रिक कारणाने फेटाळला गेला. पण लोक थांबले नाहीत. तीच लढाई वाढत जाऊन ‘ब्रिग्ज विरुद्ध इलियट’ हा खटला झाला, आणि १९५४ मध्ये शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या ‘ब्राउन’ निकालात ज्या पाच खटल्यांचा एकत्र निवाडा झाला, त्यांतला तो एक. सुरुवात एका बसच्या मागणीपासून झाली होती.

पुढे शाळांमधला वर्णभेद मोडायचं ओझंही तिच्यावरच टाकलं गेलं. १९७१ च्या आणखी एका निकालाने वस्त्यावस्त्यांतली मुलं एकत्र आणायला बस वापरणं मान्य केलं. १९७४ च्या सप्टेंबरात बोस्टनमध्ये काळी मुलं घेऊन ती गोऱ्यांच्या वस्तीतल्या शाळेत गेली, तेव्हा मोठ्या माणसांनी तिच्यावर दगड मारले. काचा मुलांच्या अंगावर फुटल्या. पिवळीला आज जो मान मिळतो तो तिला जन्मतः मिळालेला नाही. बसआजी स्वतः कृष्णवर्णीय होत्या, दक्षिणेतून उत्तरेत आलेल्या घरातल्या. त्यांची आई शाळेला चालत गेली होती. ड्रायव्हरच्या खुर्चीत बसताना त्या पाठ इतकी ताठ का ठेवतात, हे मला ते ऐकल्यावर कळलं.

ही खुर्ची बायकांकडे आली ती वेळेच्या सोयीने. सकाळी काही तास, दुपारी काही तास, मधला वेळ घरचा, आणि पोरांना सुट्टी तेव्हा आईलाही सुट्टी. मुलं मोठी होतात, नातवंडं येतात, खुर्ची तीच राहते. कॅरोलायनांमध्ये तर १९८८ पर्यंत हायस्कूलची सोळा-सतरा वर्षांची मुलंच बस चालवायची! हे बसआजींना सांगितलं की त्या डोळे मिटून मान हलवायच्या. सोळाव्या वर्षी काय येतं कुणाला? त्यांचं मत असं, की पिवळी चालवायला आधी दोन-तीन पोरं वाढवलेली असावीत. जड वाहनाचा परवाना, शाळेच्या बसची वेगळी परीक्षा, डॉक्टरी तपासणी, हे सगळं नंतर.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि पिवळीचं सगळं वेळापत्रक कोसळलं. शाळेतल्या जेवणावर ज्यांचं पोट होतं ती मुलं घरी अडकली. तेव्हा देशभर अनेक ठिकाणी पिवळी डबे घेऊन निघाली. कुठे तिच्या छतावरून इंटरनेटही गेलं. बसआजींचं वय पाहता त्यांनी घरी बसावं असं त्यांच्या मुलीने परोपरीने सांगितलं. त्या मास्क लावून, हातमोजे घालून गेल्याच. आमच्या थांब्यावर त्या दारातून पिशव्या खाली ठेवायच्या, दार लावायच्या, आणि मग खिडकीच्या काचेआडून प्रत्येक पोराला तळहात दाखवायच्या. पुढल्या वर्षी शाळा सुरू झाल्या तेव्हा ड्रायव्हर मिळेनात. मॅसॅच्युसेट्समध्ये तर मुलांची ने-आण करायला गव्हर्नरना नॅशनल गार्डचे जवान बोलवावे लागले. बसआजींनी आणखी एक वर्ष काढलं, एका नव्या मुलीला शेजारी बसवून शिकवलं, आणि मग किल्ली दिली.

पिवळी स्वतः दहा-बारा वर्षांत निवृत्त होते. तेव्हा अनेक राज्यांत तिचा तो मानाचा रंग काढून घेतात, ‘स्कूल बस’ ही अक्षरं पुसतात. पण ती घरी बसत नाही. कित्येकजणी ग्वाटेमालाला जातात. तिथे त्यांना लाल, हिरवी, जांभळी रंगवतात, क्रोम चढवतात, कपाळावर संतांचं नाहीतर मालकाच्या बायकोचं नाव लिहितात, आणि त्या छतावर बोचकी आणि कोंबड्यांच्या टोपल्या घेऊन डोंगर चढतात. बसआजींच्या मुलीने सांगितलं की निवृत्तीनंतरही त्या पहाटे साडेचारलाच उठायच्या. सातच्या सुमारास खिडकीशी उभं राहून रस्त्यावरून गेलेली बस किती मिनिटं उशिरा होती ते घरच्यांना सांगायच्या.

बसवाल्यांना निरोप द्यायची अमेरिकेत एक वेगळीच रीत आहे. मिनेसोटातल्या एका गावात अर्ध्या शतकाहून अधिक काळ बस चालवलेल्या गृहस्थांना २०२० मध्ये निरोप दिला तो पिवळ्या रंगवलेल्या शवपेटीतून, बसच्या नंबरासकट. आमच्या बसआजींच्या वेळी डेपोतल्या बस दफनभूमीच्या रस्त्यावर ओळीने उभ्या होत्या, पिवळे दिवे लुकलुकवत. पहिल्या बसच्या खुर्चीत ती शिकवलेली मुलगी होती. आमच्या वस्तीतली आता कॉलेजात गेलेली मुलं आली होती, एकाने सोलापूरच्या आजोबांना व्हिडिओ कॉल लावला होता. आजोबांनी पाय जुळवून नमस्कार केला.

आता पिवळीत विजेवर चालणाऱ्याही येऊ लागल्या आहेत. २०२१ च्या कायद्याने स्वच्छ इंधनाच्या शाळाबससाठी पाच वर्षांत ५०० कोटी डॉलर ठेवले. डिझेलचा तो खर्जातला गुरगुराट गेला की थांब्यावरच्या आज्यांना वळणाकडे डोळे लावून बसावं लागेल, पण पोरांच्या छातीत धूर जाणार नाही. सौदा चांगला आहे.

एक गोष्ट मात्र पिवळीच्या हातात नाही. २०१९ मध्ये ३९ राज्यांतल्या ड्रायव्हरांनी एकाच दिवसात मोजलं, तर ९५,००० हून अधिक गाड्या थांबलेल्या बसला न जुमानता निघून गेल्या होत्या. तेव्हा तुमच्यावर अमेरिकेत गाडी चालवायची वेळ आली तर एवढं करा. पिवळे दिवे लुकलुकले की वेग कमी करा. लाल लागले की थांबा, न्यू जर्सीत निदान २५ फूट अलीकडे. रस्त्याला मध्ये दुभाजक नसेल तर समोरून येत असाल तरी थांबा. फोन खाली ठेवा. पाटी मिटून दिवे विझेपर्यंत ब्रेकवरचा पाय काढू नका, मग मागचा कितीही घाईत असो.